करारांच्या फायलींवर एआयचा पहारा: भाव, कर आणि मुदती हलत असताना काय बदलायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकणजवळचा मध्यम आकाराचा कारखाना, खरेदी-विक्रीचे मिळून तीनेकशे चालू करार आणि ओपन पीओ, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या खरेदी-ऑर्डरी. गेल्या पाच-सहा वर्षांत पोलादाचा भाव, जहाजाचे भाडे, आयात-निर्यात शुल्क, जीएसटी असे सगळेच हलत राहिले. आता करार सांभाळण्यासाठी एआय सॉफ्टवेअर घ्यायचा विचार आहे. त्याच्याकडून नेमके काय करून घ्यावे, कुठवर विसंबावे, आणि करारांच्या मजकुरात काय बदलावे?

सॉफ्टवेअर जरूर घ्या, पण पहिले वर्षभर त्याच्याकडून नव्या करारांचे मसुदे लिहून घेऊ नका. आहेत त्या करारांवर त्याला पहाऱ्याला बसवा. मसुदा लिहिणे सोपे झाले आहे, पण तुमचे पैसे मसुदा वाईट असल्यामुळे फारसे जात नाहीत. नोटिशीची मुदत चुकली, बँक गॅरंटी संपली, भाववाढीचा दावा कोणी काढलाच नाही, चुकीच्या महिन्याचा निर्देशांक धरला, अशा गोष्टींत ते जातात. हे काम माणूस कंटाळून सोडतो आणि यंत्र कंटाळत नाही. उलट धोका कोणी पेलायचा हा निर्णय यंत्राचा नाही, आणि अनिश्चित काळात करार म्हणजे मुख्यतः तोच निर्णय असतो.

आधी कायद्याची बाजू, कारण ती पक्की नसेल तर यंत्राला काय शोधायला सांगायचे तेच कळणार नाही.

भाव वाढले म्हणून आपल्याकडे करारातून सुटता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ प्रमाणे काम करणे अशक्य झाले तर करार संपतो. १९५४ मध्ये सत्यब्रत घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की 'अशक्य' म्हणजे अक्षरशः अशक्यच असे नाही, पण ज्या पायावर करार झाला तो पायाच उखडला गेलेला असला पाहिजे. करारात फोर्स मेजरची, म्हणजे हाताबाहेरच्या घटनांची अट लिहिलेली असेल तर मामला मुख्यतः कलम ३२ खाली, म्हणजे त्या अटीच्या शब्दांवर चालतो. हे सगळ्यांत स्पष्ट झाले २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात. गुजरातेतल्या मुंद्र्याच्या वीज प्रकल्पांना इंडोनेशियाचा कोळसा स्वस्त मिळेल असे गृहीत होते. इंडोनेशियाने निर्यातीसाठी बाजारभावाशी जोडलेली किंमत सक्तीची केली आणि कोळसा महागला. न्यायालय म्हणाले, ही फोर्स मेजर नव्हे, वीज देणे महाग झाले आहे, अशक्य नाही. कायद्यातील बदलाच्या अटीचा आधारही इंडोनेशियाच्या नियमासाठी मिळाला नाही, कारण करारातल्या व्याख्येप्रमाणे 'कायदा' म्हणजे भारतातला कायदा. देशांतर्गत कोळसा धोरणातला बदल मात्र त्या अटीत बसला. महाराष्ट्र टाटांच्या मुंद्रा प्रकल्पातून वीज घेणाऱ्या राज्यांपैकी एक, त्यामुळे हा वाद आपल्या वीजबिलापासून फार दूरचा नव्हता.

कोविडमध्येही हेच दिसले. १९ फेब्रुवारी २०२० ला अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदीसाठी खुलासा काढला की चीन किंवा इतर देशांत कोरोना पसरल्यामुळे पुरवठा खंडित झाला तर ती नैसर्गिक आपत्ती समजावी आणि योग्य तिथे फोर्स मेजर लावता येईल. तो वाचून अनेकांनी आपापल्या खासगी करारांतही पत्रे धाडली. ८ एप्रिल २०२० ला मुंबई उच्च न्यायालयापुढे दक्षिण कोरियातून पोलाद मागवणारे आयातदार गेले. त्यांना लेटर ऑफ क्रेडिटवरचे, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रावरचे पैसे थांबवायचे होते. न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. कारणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत: फोर्स मेजरची अट फक्त विक्रेत्याच्या बाजूने लिहिलेली होती, लेटर ऑफ क्रेडिट हा बँकेबरोबरचा स्वतंत्र व्यवहार आहे, आणि टाळेबंदी ठरावीक काळापुरती होती. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हॅलिबर्टन आणि वेदांत या कंपन्यांच्या वादात सांगितले की २०१९ पासून काम रखडलेलेच असेल तर नंतर आलेल्या साथीची ढाल मिळत नाही.

म्हणजे प्रत्येक कराराबाबत चार गोष्टी माहीत हव्यात. फोर्स मेजर कोणाच्या बाजूने लिहिले आहे? कोणत्या घटना नावाने लिहिल्या आहेत? 'कायदा' शब्दाची व्याख्या कोणत्या देशापुरती आहे? आणि घटना घडली त्या दिवशी आपली डिलिव्हरी वेळेवर होती का? पहिल्या तिन्हींची उत्तरे यंत्र करारात शोधू शकते. चौथे उत्तर करारात नसते. ते जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), डिस्पॅच आणि ईमेलमध्ये असते, आणि सॉफ्टवेअर ईआरपीला (कारखान्याच्या साठा-हिशेबाच्या प्रणालीला) जोडले नसेल तर त्याला ते कळणारच नाही. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवतो तेव्हा नेमकी हीच जोडणी बघा.

भाव बदलाची अट

फोर्स मेजर मिळत नसेल तर आधार उरतो तो भाव बदलाच्या अटीचा. सर्वांत जास्त पैसे इथे असतात आणि सर्वांत जास्त घोळही.

उदाहरण घ्या. ऑर्डर २ कोटींची. सूत्र असे: १५ टक्के स्थिर, ५५ टक्के पोलादाच्या घाऊक किंमत निर्देशांकाला, २० टक्के मजुरीला म्हणजे औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला, १० टक्के डिझेलला जोडलेले. पोलादाचा निर्देशांक १२० वरून १३८ झाला, म्हणजे १५ टक्के वाढ. मजुरीचा ४ टक्के वाढला. डिझेल जागच्या जागी. वाढ निघते ८.२५ अधिक ०.८०, एकूण ९.०५ टक्के, म्हणजे १८ लाख १० हजार.

आता अटीत पुढे लिहिले आहे की '३ टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जाणार नाही'. याचे दोन अर्थ होतात. पहिले ३ टक्के पुरवठादाराने कायमचे सोसायचे आणि उरलेले ६.०५ टक्के, म्हणजे १२ लाख १० हजार मिळायचे. किंवा ३ टक्क्यांची रेघ एकदा ओलांडली की सगळे ९.०५ मिळायचे. फरक ६ लाखांचा. एआयला ही अट वाचायला दिली तर ते बहुतेक वेळा यातला एक अर्थ बिनधास्त सांगून मोकळे होते आणि दुसरा अर्थ निघतो हे सांगतही नाही. म्हणून त्याला अर्थ विचारायचा नाही. 'या अटीचे किती अर्थ निघतात आणि प्रत्येक अर्थाने रक्कम किती येते' असे विचारायचे.

अटीत पुढील बाबी शब्दांत लिहिलेल्या असाव्यात, नाहीतर भांडण ठरलेले. मूळ महिना कोणता: कोटेशनचा, पीओचा की टेंडर उघडल्याचा? अस्थिर महिन्यांत एवढ्या फरकानेही सूत्राचे उत्तर बदलते. निर्देशांक तात्पुरता धरायचा की अंतिम? घाऊक किंमत निर्देशांक आधी तात्पुरता येतो आणि काही आठवड्यांनी सुधारतो, त्यामुळे बिल तात्पुरत्या आकड्यावर आणि फरक नंतर डेबिट किंवा क्रेडिट नोटने, असे लिहावे. माल उशिरा दिला तर ठरलेल्या तारखेचा निर्देशांक की प्रत्यक्ष तारखेचा? खरेदीदार 'दोन्हींतला कमी' लिहून घेतो आणि ते रास्तच आहे. मात्र उशीर खरेदीदारामुळे झाला, म्हणजे ड्रॉइंग मंजूर व्हायला दोन महिने लागले, तर हा नियम लागू होणार नाही एवढे पुरवठादाराने घालून घ्यावे. ट्रान्सफॉर्मर, मोटर, केबल अशा मालासाठी इमा (विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना, आयईईएमए) हिची भाव बदलाची सूत्रे आणि दर महिन्याची परिपत्रके वापरात आहेत. तिथे नवे सूत्र शोधत बसू नका.

निर्देशांकाचे आधार वर्ष बदलले की काय करायचे, हे तर जवळपास कोणी लिहीत नाही. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचे आधार वर्ष सप्टेंबर २०२० पासून २००१ ऐवजी २०१६ झाले आणि जुन्या मालिकेशी जोडणारा गुणक २.८८ ठरला. आकडा सव्वातीनशेच्या पुढून एकदम ११८ च्या आसपास आला. ज्या तक्त्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये गुणक बसवलेला नव्हता, तिथे मजुरी एका महिन्यात जवळजवळ दोन-तृतीयांश पडल्यासारखी दिसणार. घाऊक निर्देशांकाचेही मे २०१७ मध्ये असेच झाले, २००४-०५ वरून २०११-१२. म्हणून अटीत एक वाक्य हवेच: मालिका बदलल्यास शासनाने जाहीर केलेला जोडगुणक वापरला जाईल, आणि निर्देशांक बंदच झाला तर दोन्ही पक्ष अमुक दिवसांत पर्याय ठरवतील, तोवर शेवटचा उपलब्ध आकडा चालेल.

अट दोन्ही दिशांनी लिहा. पुरवठादाराला वाढ दिसते, खरेदीदाराला घट, आणि मसुदा ज्याने केला त्याच्या बाजूने तो अर्धाच राहतो. २२ मे २०२२ पासून केंद्राने बऱ्याच पोलाद उत्पादनांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावले. माल देशातच राहिला, भाव उतरले, आणि नोव्हेंबरमध्ये शुल्क काढले गेले. ज्यांच्या करारात भाव फक्त वर जाऊ शकत होता ते खरेदीदार ते सहा महिने चढे दर देत राहिले. जीएसटीचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. 'जीएसटी प्रत्यक्ष दराने वेगळा' असे लिहिलेल्यांचे काम सरळ झाले. 'सर्व करांसह' असा एकच दर लिहिलेल्यांना मात्र आधी भांडावे लागते की दरात किती कर धरला होता. एआयला पहिल्याच आठवड्यात द्यायचे काम हे: 'सर्व करांसह' दर असलेले सगळे करार वेगळे काढ.

निर्यातदारांनी इन्कोटर्म, म्हणजे भाडे, विमा आणि शुल्क कोणी भरायचे हे ठरवणारी करारातली संज्ञा, तपासावी. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावले. एफओबीवर (माल जहाजावर चढवेपर्यंतचीच जबाबदारी विक्रेत्याची) विकणाऱ्याच्या करारात हे शुल्क ग्राहकाच्या माथ्यावर पडते. डीडीपीवर विकणाऱ्याच्या खिशातून जाते, कारण डीडीपीत आयात शुल्क विक्रेत्याचे. वाहनांच्या सुट्या भागांना वेगळा नियम आणि वेगळा दर होता, त्यामुळे एचएस कोड (मालाचा सीमाशुल्क वर्गीकरण क्रमांक) करारात नसेल तर कोणते शुल्क कोणाला लागले हे पुन्हा हाताने शोधत बसावे लागते. आणि 'कायद्यातील बदल' या अटीत 'कायदा' म्हणजे भारताचा कायदा एवढेच लिहिले असेल तर मुंद्र्याचा धडा इथेही लागू.

यंत्र कामाला लावायचा क्रम

सॉफ्टवेअर घेण्याआधीचे काम कंटाळवाणे आहे आणि निम्मे यश त्यातच आहे. प्रत्येक कराराचा संपूर्ण संच एका जागी आणायचा: मूळ करार, पीओ, पीओच्या मागच्या छापील अटी, सगळ्या अमेंडमेंट (कराराच्या दुरुस्त्या), रेट डिफरन्सची पत्रे, आणि ज्यात काही मान्य केले आहे असे ईमेल. अमेंडमेंट क्रमांक ३ फायलीत नसेल तर यंत्र अमेंडमेंट २ मधला दर खरा मानून चालणार. कागद एकमेकांशी विसंगत असतील तर कोणता वरचढ, हे करारातल्या अग्रक्रमाच्या अटीवर ठरते; तो क्रम यंत्राला आधी सांगावा लागतो. अग्रक्रमाची अटच नसेल तर तो करार लाल खुणेच्या यादीत टाका.

स्कॅन ३०० डीपीआयला करा. स्टँप पेपरच्या छापील नक्षीवरचा मजकूर, हाताने खोडून सही केलेले आकडे, मराठीतले लिव्ह अँड लायसन्स, फॅक्समधून आलेली परिशिष्टे, इथे अक्षर ओळखताना चुका होतात; देवनागरी अंकांत तर हटकून होतात. ०५/०६/२०२५ ही तारीख काही साधने अमेरिकी पद्धतीने ६ मे वाचतात आणि आपली ५ जून असते. नोटिशीची मुदत मोजताना हा महिन्याचा फरक जीवघेणा. म्हणून यंत्राने तारीख काढून देताना महिना अक्षरांतच द्यावा, असा नियम लावा.

सुरुवातीला पंधरा-सोळा रकान्यांपेक्षा जास्त नकोत. पक्ष, मुदत, आपोआप नूतनीकरण आहे का आणि ते थांबवायची शेवटची तारीख, पेमेंटचे दिवस, भाव बदलाची अट, मूळ महिना, विलंब नुकसानभरपाई म्हणजे एलडीचा दर आणि कमाल मर्यादा, बँक गॅरंटीची वैधता आणि क्लेमची तारीख, फोर्स मेजर, नोटिशीचे दिवस, नोटिशीचा पत्ता, कायद्यातील बदल, जबाबदारीची कमाल मर्यादा, करार संपवण्याचा हक्क, लवाद. सगळ्या तीनशे करारांचे एवढे भरले तरी कारखान्याला पहिल्यांदाच आपला धोका एका तक्त्यात दिसतो.

एकाच वेळी संपूर्ण करार देऊन चाळीस प्रश्न विचारू नका. लांब मजकुरात मधल्या पानांवरचे निसटते, आणि परिशिष्टातला अपवाद मुख्य अटीला जोडला जात नाही. एक प्रश्न, संबंधित अट आणि सोबत व्याख्यांचे पान, असे तुकडे करून द्या. उत्तरात तीन गोष्टी सक्तीच्या: करारातले मूळ वाक्य जसेच्या तसे, पान क्रमांक, अट क्रमांक. नसेल तर 'सापडले नाही' एवढेच. मग ते वाक्य फायलीत खरोखर आहे का, हे साध्या शब्दशोधाने तपासायचे. यासाठी एआय लागत नाही. वाक्य जुळले नाही तर उत्तर रद्द. एवढ्या एका तपासणीने मनाने रचलेल्या अटी गळून पडतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलर दंड भरला; तिथे हा मूळ कागदाशी पडताळा घेण्याचा टप्पाच गाळला गेला होता.

'सापडले नाही' हे उत्तर मात्र सर्वांत घातक. अट नाही असे समजून तुम्ही निर्धास्त होता. म्हणून चाचणी घेताना दोन चुका वेगळ्या मोजा: नसलेले सांगितले ती एक, असलेले चुकवले ती दुसरी. विक्रेते एकत्र अचूकता सांगतात, ९५ टक्के वगैरे. त्यातले उरलेले पाच कोणत्या जातीचे आहेत हे विचारा. चाळीस करार निवडा, त्यात सोपे पंधरा, गचाळ स्कॅनचे दहा, तीनपेक्षा जास्त अमेंडमेंट असलेले पंधरा. दोन माणसांनी ते स्वतंत्रपणे वाचून उत्तरे लिहायची, मतभेद तिसऱ्याने सोडवायचा, आणि मग यंत्राची उत्तरे लावून बघायची. बँक गॅरंटी, नोटीस, नूतनीकरण आणि भाव बदल हे चार रकाने यंत्र कितीही चांगले निघाले तरी प्रत्येक करारात माणसाने पाहायचेच. बाकीच्यांना दहातला एक नमुना पुरे.

आता कायद्याच्या सल्ल्याबद्दल. या साधनांचा बराच अभ्यास अमेरिकी करारांवर झालेला आहे. करार वाचायला शिकवण्यासाठी सर्रास वापरला जाणारा सीयूएडी हा २०२१ चा संच ५१० करारांचा आहे आणि ते करार अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे दाखल झालेले. त्यामुळे अट शोधण्यात यंत्र चांगले, पण त्या अटीवर मत दिले की परदेशी कायदा बोलू लागते. एलडीबद्दल ते सांगते की रक्कम दंडासारखी असेल तर अट रद्द, वाजवी अंदाज असेल तर पूर्ण रक्कम मिळते. आपल्या करार कायद्याच्या कलम ७४ ने हा भेदच ठेवला नाही: लिहिलेली रक्कम ही कमाल, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते, आणि २०१५ च्या कैलाश नाथ निकालाप्रमाणे नुकसान झालेले असावे लागते. करार संपल्यावर दोन वर्षे स्पर्धा करायची नाही, ही अट यंत्राला 'वाजवी' वाटते; कलम २७ खाली ती टिकत नाही. 'सहा महिन्यांत दावा केला नाही तर हक्क संपला' हे त्याला नेहमीचे वाटते. कलम २८ मध्ये १९९७ पासून अशी अट बाद आहे. बँक गॅरंटीला अपवाद आहे, पण तिथेही किमान एक वर्षाची मुदत लागते.

एलडीची मोजणी तर प्रत्येक करारात स्वतंत्र तपासा. ऑर्डर ४० लाखांची, १० लाखांचा माल राहिला, उशीर ७ आठवडे आणि २ दिवस, दर आठवड्याला अर्धा टक्का. 'आठवडा किंवा त्याचा भाग' असे असेल तर ८ आठवडे, ४ टक्के. तो पूर्ण ऑर्डरवर लावला तर १ लाख ६० हजार, न दिलेल्या मालावर लावला तर ४० हजार. 'न दिलेल्या मालाच्या' हे तीन शब्द बहुधा परिशिष्टात असतात, आणि यंत्र मुख्य अट वाचून थांबते.

जुन्या अटी शोधायला मात्र हीच साधने उत्तम. 'लवाद आमचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील' असे लिहिलेले करार अजून ढिगाने पडून आहेत. २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सरकारी करारांबाबतही तसेच म्हटले. असे करार तासाभरात वेगळे निघतात. लघुउद्योगांच्या पेमेंटचेही तसेच. करारात ९० दिवस असले तरी सूक्ष्म किंवा लघू उत्पादकाला वा सेवादाराला २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने ४५ दिवसांच्या पुढे थांबवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२५ पासून लघू उद्योगाची मर्यादा २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल अशी वाढली, त्यामुळे काल मध्यम असलेला तुमचा पुरवठादार आज लघू असू शकतो. पुरवठादाराची 'उद्यम' या सरकारी नोंदणीतली स्थिती दर वर्षी मागवा. करार वाचून ती कळत नाही.

नोटीस

पहाऱ्याचे खरे काम इथे दिसते. घटना घडते, उदाहरणार्थ नोव्हेंबर २०२३ मध्ये लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी जहाजे केप ऑफ गुड होपमार्गे वळवली, प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. अशा दिवशी यंत्राने करायचे ते असे: त्या मार्गाने येणाऱ्या मालाशी जोडलेले करार काढणे, प्रत्येकातील नोटिशीचे दिवस दाखवणे (कुठे ७, कुठे १४, फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या नमुना करारात दाव्याच्या नोटिशीला २८), आणि प्रत्येकासाठी पत्राचा कच्चा मसुदा ठेवणे. पाठवायचे की नाही हे खरेदी प्रमुखाने ठरवायचे. ज्या ग्राहकाशी चर्चा चालू आहे त्याला कडक पत्र गेले तर संबंध बिघडतात, आणि न गेले तर हक्क बुडतो. 'हक्क राखून' असे चार ओळींचे सौम्य पत्र बहुधा पुरते. पत्रात घटना, तारीख, कोणता माल, अंदाजे किती दिवस आणि नुकसान कमी करायला आपण काय केले, एवढे हवे. पाठवायचे ते करारात लिहिलेल्या पत्त्यावर आणि लिहिलेल्या पद्धतीने. ग्राहकाचे ऑफिस हलले असेल तर दोन्ही पत्त्यांवर.

यंत्र परस्पर उत्तरे देऊ लागले की नवा धोका उभा राहतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ११ प्रमाणे, तुमच्या वतीने आपोआप चालायला लावलेल्या प्रणालीने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक मजकूर तुमचाच समजला जातो, आणि कलम १०अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. कॅनडात २०२४ साली एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला चुकीची सवलत सांगितली. चॅटबॉट स्वतः जबाबदार आहे हा कंपनीचा बचाव न्यायाधिकरणाने मानला नाही. तुमच्या एआयने पुरवठादाराला 'दर मान्य' असे लिहिले तर ते मोडीत काढणे अवघड. यासाठी करारात एक ओळ घाला: दर, प्रमाण आणि मुदत यांतील बदल फक्त अधिकृत व्यक्तीच्या सहीच्या अमेंडमेंटनेच होईल, आपोआप पाठवलेल्या संदेशाने नाही. आणि ती पाळा. रोज ईमेलवर बदल मान्य करत राहिलात तर समोरचा तुमच्या वर्तनाचा आधार घेईल.

मोफत चॅटमध्ये ग्राहकाचा करार टाकू नका. बहुतेक करारांत गोपनीयतेची अट असते आणि तिसऱ्या पक्षाला मजकूर देणे हाच तिचा भंग. करारात व्यक्तींची नावे, फोन, आधार क्रमांक असतील तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही लक्षात ठेवावा लागतो. स्टँपचा विषय छोटा आहे, पण यंत्र तो धरत नाही: ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० आणि २०० रुपयांच्या कामांना ५०० लागतात, आणि जुने नमुने अजून १०० च म्हणतात. स्टँप नसलेला करार डिसेंबर २०२३ च्या सात न्यायमूर्तींच्या निकालाप्रमाणे रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात येत नाही.

सॉफ्टवेअर विक्रेत्याचा करारही हातासरशी वाचा. तुमचा मजकूर मॉडेल शिकवायला वापरणार नाही, करार संपल्यावर इतक्या दिवसांत पुसून लेखी कळवणार, सगळे रकाने साध्या तक्त्याच्या स्वरूपात परत देणार, आणि कोणी कोणत्या दिवशी काय बदलले याची नोंद ठेवणार, एवढे हवेच. त्याच्या जबाबदारीची मर्यादा बहुधा वर्षभराच्या फीएवढी असते. एक बँक गॅरंटी हुकली तर त्याच्या कितीतरी पट जाते, म्हणून त्या तारखा खरेदी विभागाच्या कॅलेंडरवर वेगळ्याने लावलेल्या असाव्यात. विक्रेता आतले मॉडेल वर्षातून दोन-तीनदा बदलू शकतो आणि काल बरोबर येणारे उत्तर आज चुकू शकते. ते चाळीस करार त्यासाठी जपून ठेवा. बदलाची आगाऊ सूचना, त्याच संचावर पुन्हा चाचणी, आणि निकाल घसरला तर जुनी आवृत्ती चालू ठेवण्याचा हक्क, हे तिन्ही सही करण्यापूर्वी लिहून घ्या.